ब्रेक न लावता फिरलेली फियाट : पाऊस, घर्षण आणि मागची चाकं



सहावीच्या सामान्य विज्ञानात बल आणि घर्षण शिकवताना आपण सगळेच ठरलेली उदाहरणं देतो. केळीच्या सालीवरून पाय घसरला, कॅरमवर पावडर टाकली, काडेपेटीच्या बाजूला काडी घासली. मुलं माना डोलावतात आणि पुढच्या धड्याला लागतात. यंदा जूनमध्ये मी हा पाठ आमच्या घरातल्या एका जुन्या गोष्टीपासून सुरू केला. पाठ दोन तासिकांचा होता, तो आठवडाभर चालला. शेवट तर शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या व्हॅनपाशी झाला. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गोष्ट १९९८ सालची. मी चौथीत होते. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लोणावळा स्टेशनवरून प्रवासी न्यायचे. गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, पण आपल्याकडे तिला कायम फियाटच म्हणत. १०८९ सीसीचं इंजिन आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगजवळ. जुलैत एका सकाळी अण्णा, काकू आणि मी पनवेलला आत्याकडे निघालो. एक्सप्रेस वे तेव्हा झाला नव्हता. मुंबईकडची सगळी वाहतूक खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्या जुन्या बोरघाटातूनच. १८३० साली गाडीरस्ता म्हणून खुला झालेला हा घाट, त्याची वळणं काही मोटारींचा विचार करून काढलेली नाहीत.

पाऊस धो धो. वेग फार तर ३५ असेल. एका उतरत्या वळणात अण्णांनी तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला, खिडकीतून दरीकडचा कठडा सर्रकन गेला, आणि गाडी थांबली तेव्हा आमचं तोंड पुण्याकडे होतं. कठड्यापासून हातभर अंतर. काकूंनी एकवीरा आईला हात जोडले. अण्णा बराच वेळ स्टीअरिंग धरून बसले आणि मग एकच वाक्य बोलले, "अगं, मी ब्रेकला पायच लावला नाही."

हे वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं फिरत राहिलं. वेग कमी, ब्रेक लावला नाही, शिवाय घाट उतरताना खालचा गिअर टाकावा हा तर सगळ्या ड्रायव्हरांचा नियम. मग गाडी फिरली का?

हाच प्रश्न मी फळ्यावर लिहिला. उत्तरं आली : टायर खराब असेल, रस्त्यावर ऑईल असेल, भूत असेल. (भूत दरवर्षी येतंच.)

मग प्रयोग केला. कार्ल्याच्या जत्रेत मिळते तशी छोटी लोखंडी मोटार, चारही चाकं मोकळी फिरणारी. चार फुटांची गुळगुळीत फळी, एका बाजूने विटांवर टेकवलेली. आधी मोटार तशीच सोडली, सरळ खाली आली. मग पुढच्या दोन चाकांना सेलोटेप लावून ती फिरणार नाहीत असं केलं आणि सोडली. घसरत, पण तोंड पुढेच ठेवून आली. आता टेप काढून मागच्या चाकांना लावली. मोटार वीतभर सरळ आली, मग वळली, आणि चक्क पाठ पुढे करून खाली पोचली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. वर्गात जो आरडाओरडा झाला त्यावर शेजारच्या वर्गाचे सर बघायला आले आणि तेही तिथेच थांबले.

कारण मुलांच्या भाषेत असं : फिरणारं चाक पुढे सहज जातं, पण बाजूला सरकायला विरोध करतं. घसरणारं चाक कुठल्याच बाजूला धड धरून राहत नाही. शेवाळलेल्या बांधावर पाय टेकलेला आहे तोवर ठीक, एकदा सुटला की तो पुढे जाईल का आडवा, हे आपल्या हातात राहत नाही. गाडीची मागची चाकं तिची शेपटी सरळ ठेवण्याचं काम करतात. ती सुटली की मागचा भाग पुढे धावू पाहतो. पुढची चाकं सुटली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. तेही वाईटच, पण ती स्वतःभोवती फिरत नाही.

आता फियाट. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. फियाट, ॲम्बॅसेडर, काँटेसा यांचं इंजिन पुढे, पण जोर लांब शाफ्टवरून मागच्या चाकांना. जुन्या स्पोर्ट्स कार बहुतेक याच पद्धतीच्या. म्हणजे गाडी सरळ ठेवायचं आणि गाडी ढकलायचं, दोन्ही कामं मागच्याच चाकांवर. शिवाय इंजिनाचं वजन पुढे आणि डिकी रिकामी, म्हणजे ज्या चाकांवर एवढं काम त्यांच्यावर दाब कमी. दाब कमी की घर्षणही कमी.

मी हे पैशांवर समजावलं. प्रत्येक चाकाकडे कोरड्या रस्त्यावर घर्षणाचे १० रुपये आहेत, ओल्यावर ६ च. त्यातच वळायचं, थांबायचं आणि ढकलायचं. वळण्यात ५ खर्च झाले आणि तुम्ही रेस दाबून आणखी ४ मागितले की पाकीट रिकामं, चाक घसरलं. (खरा हिशेब साध्या बेरजेचा नाही, पायथागोरसचा आहे. वळायला ६ आणि ब्रेकला ८ असे दोन्ही १० रुपयांत बसतात, कारण ३६ आणि ६४ मिळून १००. आठवी-नववीच्या शिक्षकांनी जरूर करून बघा. सहावीला बेरीज पुरे.)

आणि अण्णांचं कोडं इथे सुटतं. खालचा गिअर टाकून क्लच झटकन सोडला की इंजिन चाकांना मागे ओढतं. तोही ब्रेकच, फक्त तो मागच्या दोनच चाकांना लागतो. वळणात, ओल्या रस्त्यावर, रिकाम्या डिकीनिशी हे म्हणजे हँडब्रेक ओढल्यासारखं. फळीवरची टेप अण्णांनी स्वतःच्या हाताने लावली होती, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. मी त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "आता सांगतेस होय?"

नियम चूक नव्हता, वेळ चुकली. उतारासाठी खालचा गिअर हवाच, नाहीतर ब्रेक तापतात. पण तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना टाकायचा. मधे थोडी रेस देऊन इंजिनाचा वेग चाकांच्या वेगाशी जुळवायचा आणि क्लच हळू सोडायचा. ब्रेकचंही तसंच, जे काय दाबायचं ते वळणाआधी. वळणात पाय एकसारखा, हलका, आणि स्टीअरिंग सरळ होत येईल तशी हळूहळू रेस.

वळणात घाबरून रेसवरून पाय झटकन उचलणं हीसुद्धा चूक आहे, आणि ती सगळ्यांना सुरक्षित वाटते म्हणून जास्त वाईट. पाय उचलला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. पावसाळी रविवारी मुंबई-पुण्याचे हौशी लोक जुन्या गाड्या घेऊन लोणावळ्याला येतात. त्यांत कधी एखादी स्टँडर्ड हेराल्ड दिसते. मद्रासला बनायची ती. ट्रायम्फची स्पिटफायर ही प्रसिद्ध उघडी स्पोर्ट्स कार हेराल्डच्याच सांगाड्यावरून घेतलेली. या दोन्हींच्या मागच्या चाकांचे दांडे मधल्या भागातून खालीवर झुलतात. वळणात पाय उचलून मागचा भाग वर आला की चाकं आत दुमडल्यासारखी होतात आणि रस्त्यावरची पकड आणखी जाते. फियाटला मागे सरळ अखंड धुरा आणि पाट्यांची स्प्रिंग, त्यामुळे तिचं एवढं होत नाही. पण वजन पुढे जाणं कुणालाच चुकलेलं नाही.

तरीही मागचा भाग सुटलाच तर? ब्रेक नाही. गिअरच्या गचक्याने सुटला असेल तर क्लच दाबायचा, चाकं मोकळी होतात. रेसने सुटला असेल तर रेस हळू कमी करायची. नजर कठड्यावर नको, जिथे जायचं त्या रस्त्यावर ठेवायची आणि स्टीअरिंग तिकडेच फिरवायचं, म्हणजे शेपटी ज्या बाजूला गेली त्याच बाजूला. गाडी सावरली की स्टीअरिंग लगेच परत आणायचं, नाहीतर उलटा झोका बसतो आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असतो. हे वाचून येत नाही, हेही खरं. म्हणून वेगच कमी ठेवावा.

वेगाचं गणित मुलांनीच काढलं. घर्षणांक कोरड्याला ०.७ आणि ओल्याला ०.४ धरला, ड्रायव्हरला भानावर यायला १ सेकंद दिला. ओल्या रस्त्यावर ताशी ४० किमीने थांबायला सुमारे २७ मीटर, ६० ने सुमारे ५२ मीटर. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब. म्हणजे ४० ला दोन मैदानं आणि ६० ला चार! वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. आम्ही मैदानात चुन्याने आखून पाहिलं, चौथी रेघ थेट कुंपणाबाहेर गेली.

आपल्या मावळात आणखी एक गंमत आहे. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वडगावला त्याच्या निम्माही नाही. तळेगावहून निघालेला माणूस कोरड्या रस्त्याचा वेग पायात घेऊन कामशेत ओलांडतो आणि कार्ल्याच्या पुढे त्याच वेगात पाण्यात शिरतो. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगलं तर स्टीअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हाही ब्रेक नको, पाय हळू काढायचा. भुशीच्या रस्त्यावर ओहोळ आडवे येतात, ते ओलांडल्यावर जुन्या गाड्यांचे ड्रमब्रेक भिजून लागेनासे होतात. थोडं अंतर हळू चालत ब्रेकवर हलका पाय ठेवला की ते सुकतात.

त्या दिवसानंतर अण्णा पावसाळ्यात डिकीत इंद्रायणी तांदळाची दोन पोती ठेवायचे, दोरीने घट्ट बांधून. मागच्या चाकांवर दाब वाढतो, त्यामुळे कल्पना बरोबरच. पण अति झालं तर तेच वजन लंबकासारखं गाडीला फिरवतं. आणि एकदा पोत्यात पाणी गेलं तेव्हा काकू जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता व्हॅन. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारलं, "बाई, आमची व्हॅन पण मागून ढकलते का?" मला माहीत नव्हतं. शाळा सुटल्यावर आम्ही सगळे वाकून गाडीखाली बघायला गेलो. शाफ्ट मागच्या धुऱ्याकडे गेलेला. ओम्नी २०१९ ला बंद झाली, पण आपल्याकडे मुलं आणणाऱ्या गाड्यांत अजून ती आहे आणि तिच्या जोडीला इको. दोन्हींचा जोर मागच्या चाकांना. म्हणजे फियाट इतिहासजमा झाली म्हणून हा धडा संपत नाही. रोज आठ-दहा लेकरं याच पद्धतीच्या गाडीतून ओल्या रस्त्याने येतात.

टायर पाहिले. पुढचे दोन नवे, मागचे दोन जवळजवळ गुळगुळीत. नक्षीच्या खाचांत रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर त्यांच्या बरोबरीला झिजलं की १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा आली. मागचे टायर तिथे पोचले होते. व्हॅनवाले दादा प्रामाणिकपणे म्हणाले, "मॅडम, स्टीअरिंग पुढे, म्हणून चांगले पुढे टाकले." बहुतेक लोक असंच करतात. मी काही बोलायच्या आधी एका मुलाने दप्तरातून ती लोखंडी मोटार काढली, मागच्या चाकांना टेप लावली आणि शाळेच्या रॅम्पवरून सोडली. ती फिरली. दादांनी ती तीनदा सोडायला लावली.

त्याच रविवारी त्यांनी मागे दोन नवे टायर टाकले. पालकांनी खर्चात थोडा हात दिला. मी टायरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे टाकावेत असं टायर कंपन्याच सांगतात, गाडी कुठल्याही चाकांवर चालणारी असो, पण गिऱ्हाईक ऐकत नाही.

ज्यांना हा पाठ घ्यायचा आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. फळी फार उभी करू नका, नाहीतर मोटार वळायच्या आधीच खाली पोचते. आणि टेप फक्त चाक अडवण्यापुरती लावा, फळीला चिकटली तर प्रयोग फसतो. गृहपाठ म्हणून मी टायरवरचे चार आकडे वाचून आणायला सांगितले होते. २३१९ असेल तर २०१९ सालातला २३ वा आठवडा. रबर वयाबरोबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर आधी सुटतं, नक्षी शिल्लक असली तरी. एकतीस मुलांनी आकडे आणले. दोघांच्या घरच्या गाडीचं टायर त्यांच्याहून वयाने मोठं निघालं, त्यांच्या पालकांना मी चिठ्ठी पाठवली आहे.