रंगो बापूजी : परक्या दरबारातील वकील
(अभ्यासाचा पाठ)

पोफळीहून कुंभार्ली घाट चढून गेलेल्या वाचकांस ठाऊक आहे की, घाटमाथा ओलांडला म्हणजे रत्नागिरी जिल्हा सरतो आणि सातारा जिल्ह्यातील पाटण तालुका लागतो. आज पोफळी म्हटले की, कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून आणून त्यावर चालविलेले वीजघर आठवते. घाटमाथा ही केवळ दोन जिल्ह्यांची हद्द राहिली आहे. परंतु दोनशे वर्षांपूर्वी तीच दोन सत्तांची सरहद्द होती. १८१८ साली पेशवाई बुडाली. तेव्हा खालचे कोकण ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या अमलाखाली ठेवले, आणि वरचा काही मुलूख २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने शिवछत्रपतींच्या गादीचे वारस प्रतापसिंह महाराज ह्यांस दिला. उत्तरेस नीरा, दक्षिणेस वारणा व कृष्णा आणि पश्चिमेस सह्याद्री, अशी त्या राज्याची शीव ठरली.

ह्या राज्याच्या एका वकिलाची हकीकत आज आपण अभ्यासावयाची आहे. वकील म्हटला की, आपल्या डोळ्यांसमोर काळा डगला घालून कोर्टात उभा राहणारा मनुष्य येतो. त्या काळी ह्या शब्दाचा अर्थ निराळा होता. एका राजाने दुसऱ्या राजाच्या दरबारी आपल्या वतीने बोलण्यास धाडलेला माणूस, तो वकील. त्याने परक्यांच्या घरात राहावे, त्यांची भाषा व रीत समजून घ्यावी, कोण मित्र व कोण शत्रू हे ओळखावे, आणि आपल्या धन्याचे काम साधावे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील रंगो बापूजी गुप्ते ह्यांनी हे काम लंडन शहरी सुमारे चौदा वर्षे केले.

१. आरोप काय होता?

१८१९ च्या तहात एक कलम असे होते की, कंपनीच्या संमतीवाचून महाराजांनी परराज्यांशी किंवा इतर सरदारांशी पत्रव्यवहार ठेवू नये. पहिली काही वर्षे सलोख्याची गेली. महाराजांचा कारभार पाहून लंडनच्या डायरेक्टरांनी १८३५ साली त्यांस मानाची तलवार देण्याचे ठरविले. तथापि, ह्याच सुमारास काही जहागिरींवर अंतिम हक्क कोणाचा, ह्याविषयी महाराज आणि मुंबई सरकार ह्यांच्यात वाद पेटला होता. ती तलवार महाराजांच्या हाती कधीच पडली नाही.

१८३६ साली महाराजांवर आरोप आला की, त्यांनी कंपनीच्या पलटणीतील देशी अंमलदारांस फितविण्याचा यत्न केला. पुढे त्यात आणखी दोन आरोपांची भर पडली : गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशी खलबत केले, आणि नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले ह्यांच्याशी संधान बांधले. साताऱ्याचे रेसिडेंट लॉडविक, त्यांच्यामागून रेसिडेंट झालेले ओव्हन्स आणि मुंबई सरकारचे सेक्रेटरी विलोबी, ह्या तिघांच्या मंडळाने गुप्तपणे चौकशी केली. महाराजांचे मागणे एवढेच होते की, पुराव्याच्या नकला मला द्याव्या आणि उघड चौकशी करावी. ते मागणे मान्य झाले नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. आपल्याकडून तहाचा भंग झाला अशा अर्थाच्या कागदावर सही केल्यास मागचे सर्व विसरून गादी कायम ठेवू, असे त्यांनी सुचविले. महाराजांनी सही करण्याचे नाकारले. राज्य राखण्यास एक सही पुरेशी होती. पण जे केले नाही ते केले असे लिहून देण्यास ते तयार झाले नाहीत. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांस पदच्युत करून काशीस धाडण्यात आले, आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ह्यांस गादीवर बसविण्यात आले.

२. लंडनचा दरबार

महाराजांनी विलायतेस ह्यापूर्वीही आपली माणसे धाडली होती. आता त्या कामाचा सर्व भार रंगो बापूजी ह्यांच्यावर आला, आणि १८४० साली ते लंडनमध्ये कामास लागले. तेथे त्यांस जो दरबार दिसला तो आपल्याकडील दरबारासारखा नव्हता. एका सिंहासनापुढे उभे राहून अर्ज गुदरावा आणि होय किंवा नाही असा निकाल ऐकून परतावे, अशी तेथे सोय नव्हती.

हिंदुस्थानाचा कारभार तेव्हा तीन जागी वाटलेला होता. पहिली जागा, लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाऊस. तेथे चोवीस डायरेक्टर बसत. दुसरी, त्यांस निवडून देणाऱ्या भागधारकांची सभा. हजार पौंडांचा भाग असणाऱ्यास एक मत, तीन हजारांस दोन, सहा हजारांस तीन आणि दहा हजारांस चार मते, असा तेथील नियम होता. म्हणजे मत मनुष्याचे नव्हे, पैशाचे मोजले जाई. शिवाय हिंदुस्थानातील नोकऱ्यांच्या नेमणुका डायरेक्टरांच्या हाती असल्यामुळे, त्यांस दुखविणे ज्यास परवडेल असा भागधारक विरळा. तिसरी जागा, इंग्लंडच्या सरकारने कंपनीवर नेमलेले बोर्ड ऑफ कंट्रोल. त्याचे अध्यक्ष हॉबहाऊस हे महाराजांच्या पदच्युतीस अनुकूल होते. आणि ह्या तिन्हींच्या वर पार्लमेंट.

वाचकहो, कचेरीतील एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे धाडला जाणारा खेडूत आपण नेहमी पाहतो. हा वकील त्याच स्थितीत होता. फरक इतकाच की, त्याचे घर घाटापलीकडे नव्हे तर समुद्रापलीकडे होते. एक म्हणे निकाल मुंबई सरकारने दिला, दुसरा म्हणे तो वर मंजूर झाला, तिसरा म्हणे झालेल्या निकालात हात घालणे योग्य नाही. ज्याने आरोप केला त्यानेच निकाल दिला, आणि अपीलही त्याच्याच घरी करावयाचे होते.

३. वकिलाची साधने

रंगो बापूजी ह्यांच्याजवळ ना फौज होती, ना द्रव्याचा मोठा साठा. तरीही त्यांनी तीन साधने हाती धरली.

पहिले साधन, कागद. पत्र, तारीख, तहाचे कलम, साक्षीदाराचा शब्द, हे सर्व जुळवून त्यांनी आपली बाजू इंग्रजीत छापविली व लोकांच्या हाती दिली. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. छापलेल्या कागदास मात्र कोणी तरी उत्तर द्यावे लागते.

दुसरे साधन, माणसांची पारख. परक्यांचा दरबार म्हणजे एकच मनुष्य नव्हे, हे त्यांनी ओळखले. त्याच इंग्रजांत जोसेफ ह्यूम हे पार्लमेंटाचे सभासद होते. त्यांनी हा प्रश्न पार्लमेंटात नेला. गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देऊन प्रसिद्ध झालेले जॉर्ज थॉम्प्सन हे ईस्ट इंडिया हाऊसच्या सभेत महाराजांसाठी भांडले. साताऱ्याचे पूर्वीचे रेसिडेंट ब्रिग्ज हेही महाराजांच्या बाजूचे होते. इतकेच नव्हे, तर १८३६ च्या गुप्त चौकशीत जे स्वतः बसले होते ते लॉडविकही पुढे महाराजांच्या बाजूने बोलले. ज्याने सर्वच इंग्रजांस शत्रू मानले असते, त्यास ह्यांपैकी एकही मित्र लाभला नसता.

तिसरे साधन, मागणे लहान आणि स्पष्ट ठेवणे. "महाराजांचे म्हणणे ऐका, आणि मग निकाल द्या," एवढेच त्या मागण्याचे सार होते. सारे राज्य परत द्या म्हटले असते तर नाही म्हणणे सोपे होते; पण ऐकून घ्या ह्या मागण्यास नाही म्हणताना सज्जन मनुष्यास लाज वाटते. म्हणूनच भागधारकांच्या सभेत हा विषय पुनःपुन्हा निघाला, आणि १८४५ साली तर कित्येक दिवस वाद चालला.

४. एका अर्जाची गोष्ट

दरबारी कारस्थान कसे चालते ह्याचा एक नमुना येथे देतो. महाराजांचे दिवाण गोविंदराव ह्यांस कैद करण्यात आले होते. त्यांची आई गिरजाबाई हिच्या नावाने सरकारकडे एक अर्ज गेला, आणि त्यात कटाची कबुली होती. प्रत्यक्ष दिवाणाची आईच असे लिहिते, तेव्हा आणखी पुरावा तो काय हवा, असे कोणासही वाटावे. परंतु पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या इसमाने आपण होऊन सांगितले की, तो अर्ज माझ्या हातचा आहे, आणि त्या कामाचा ठरलेला मोबदला मला मिळालेला नाही! खोटा कागद करणाराच मजुरी बुडाली म्हणून बोलू लागला. रंगो बापूजी व त्यांचे मित्र ह्यांनी ही गोष्ट पुढे करून ओव्हन्स ह्यांच्यावरच उलट आरोप ठेवले व चौकशी मागितली. ती चौकशीही झाली नाही.

५. धनी गेला, राज्यही गेले

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशी येथे निवर्तले. वकिलास वकील म्हणविणारा धनीच उरला नाही. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराजही वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांचे मत दत्तक मान्य करावा असे होते. विलोबी ह्यांचे मत उलट होते. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी ह्यांनी दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केले, आणि १८४९ साली डायरेक्टरांनी त्यास संमती दिली. कुंभार्ली घाटावरील सरहद्द पुसली गेली. वर आणि खाली एकच अंमल झाला.

आता घरी परतावे, असे कोणीही म्हटले असते. रंगो बापूजी परतले नाहीत. पैसा संपला, कर्ज झाले, तरी महाराजांच्या कुटुंबासाठी ते लंडनमध्ये आणखी चार-पाच वर्षे झगडले. शेवटी १८५३ च्या अखेरीस, त्यांचे कर्ज फेडून व परतीच्या प्रवासाची सोय करून, कंपनीनेच त्यांस मायदेशी धाडले.

१८५७ साली उत्तरेत बंड झाले, तेव्हा साताऱ्यासही कट उघडकीस आला. रंगो बापूजी निसटले व पुन्हा कधीही सरकारच्या हाती लागले नाहीत. त्यांचे पुत्र सीताराम मात्र पकडले गेले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यास गेंडामाळावर सतरा जणांस देहान्त शिक्षा झाली. पाच जणांस फाशी दिले, सहा जणांस तोफेच्या तोंडी दिले, सहा जणांस गोळ्या घातल्या. त्या सतरांत सीताराम होते. चौदा वर्षे कागद आणि शब्द एवढ्यांवरच भरवसा ठेवणाऱ्या मनुष्याच्या घराचा शेवट असा झाला. त्याचे म्हणणे वेळीच ऐकले असते, तर काय झाले असते? हा प्रश्न राज्य करणाऱ्या प्रत्येकाने आपणास विचारण्याजोगा आहे.

६. आपण काय शिकावे?

रंगो बापूजी हरले, हे खरे. राज्य मिळाले नाही, चौकशी मिळाली नाही, पुत्रही गेला. पण त्यांचे श्रम अगदीच वाया गेले असे म्हणवत नाही. त्यांच्या व त्यांच्या मित्रांच्या रेट्यामुळे साताऱ्याची कागदपत्रे पार्लमेंटापुढे आली, सभांतील वाद छापून निघाले; आणि जो निकाल गुपचूप दिला गेला होता, तो कसा दिला गेला हे आज कोणासही वाचून पाहता येते.

दुसरी गोष्ट आपल्या दाराशीच आहे. आरोप ठेवलेल्याचे न ऐकता निकाल देणे, हे पाप काही कंपनी सरकारचेच नव्हते. आपल्या गावकीत एखाद्या घरास वाळीत टाकतात, तेव्हा त्या घरधन्यास कोणी विचारले होते काय? साक्षीदार त्याच्या तोंडावर बोलला काय? महाराष्ट्रात २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, ह्यावरून हे दुखणे किती जुने व खोल आहे ते दिसते. ज्यांच्या वाडवडिलांनी विहीर आणि वाट बंद झाल्याचे दिवस पाहिले, त्यांस हे अधिक सांगणे नलगे. परंतु आज आपण पंचांच्या जागी बसलो असू, तर दुसऱ्याचे ऐकण्याची पाळी आपली आहे.

मंडळीत विचारण्याकरिता प्रश्न

१. कुंभार्ली घाटमाथा १८१९ साली कोणत्या दोन सत्तांची सरहद्द झाला?
२. सही केली असती तर राज्य राहिले असते. मग महाराजांनी ती का नाकारली?
३. भागधारकांच्या सभेत मते कशी मोजीत? त्यामुळे न्याय मिळणे कठीण का झाले?
४. रंगो बापूजींची तीन साधने सांगा. त्यांपैकी कोणते साधन आपल्या गावच्या कामी पडेल?
५. आपल्या गावात कोणाचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल झाला आहे काय? तो पुन्हा तपासण्यास आरंभ कोणी करावा?