पाचव्या स्थानापाशी

वसईच्या एका धर्मग्रामात गेली सव्वीस वर्षे मी मुलांना धर्मशिक्षण देते. उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची प्रार्थना चालवते, आजाऱ्यांच्या घरी जाते. क्रुसाविषयी वाचून शिकले ते थोडे, चुकून शिकले तेच जास्त. त्यातले काही इथे सांगते.

१. क्रूस आधी हाताला शिकवावा.

लहान मुलांसमोर उभी राहून मी क्रुसाची खूण करायची: कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा. मुलांचे हात मात्र आधी उजव्या खांद्यावर जायचे. मी रागवायची. एक दिवस लक्षात आले की त्यांच्याकडे तोंड करून मीच उभी आहे, मुले मला पाहून बरोबर तसेच करताहेत. तेव्हापासून त्यांच्यासमोर मी उलटी खूण करते, म्हणजे त्यांची सुलटी होते. एखाद्याला तरीही जमले नाही, तर त्याच्या मागे गुडघ्यावर बसते आणि त्याचा हात माझ्या हातात धरून फिरवते. शिकवणाऱ्याने समोरच्याच्या बाजूने उभे राहायचे असते, हे मला त्या इवल्या हातांनी शिकवले.

२. क्रुसाची गोष्ट ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावी.

फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. पूर्वी आम्ही पुराणे ऐकत होतो, तसे काही आम्हाला द्या, अशी नव्या ख्रिस्ती लोकांची मागणी होती. त्यांनी ती मनावर घेतली आणि ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. जवळजवळ अकरा हजार ओव्या! परक्या मुलखातून आलेल्या माणसाने येशूचे मरण मराठी माणसाच्या कानाला ओळखीच्या चालीत सांगितले. प्रवचनात जड शब्दांची रास ओतणाऱ्यांनी हे आठवावे. ‘दुःखसहन’ ऐकून मुले गप्प बसून राहतात. ‘त्याला तहान लागली होती’ म्हटले की मान वर करतात.

३. तलवारीच्या सावलीत क्रुसाचा अर्थ उलटा होतो.

जुलै १५८३ मध्ये रुडॉल्फ अक्वाविवा आणि आणखी चार येशूसंघीय क्रूस उभारायला आणि चर्चसाठी जागा पाहायला गोव्यातल्या कुंकळ्ळीला गेले. तिथे त्यांना ठार मारण्यात आले. ही गोष्ट मी कितीतरी वर्षे एवढीच सांगत होते. पण त्याआधी पोर्तुगीज सैन्याने तिथली देवळे पाडली होती, आणि नंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले होते. आता मी पुढचे-मागचे सगळे सांगते. क्रुसावर शिक्षा भोगणारा होता, शिक्षा देणारा नव्हता. पाठीशी शिपाई घेऊन तो क्रूस दाखवता येत नाही.

आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया मला म्हणूनच जवळचा वाटतो. जपानमध्ये तो फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा दुभाषी होता. त्याच्यापाशी शस्त्र नव्हते, भाषा होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले.

४. पडणे हाही वाटेचा भाग आहे.

क्रुसाच्या वाटेतल्या चौदा स्थानांपैकी तीन स्थानी येशू पडतो. ‘बाई, देव असून तीनदा कसा पडला?’ असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. मी म्हणते, ‘आणि तीनदा उठला, तेही मोज.’

५. ‘हा तुझा क्रूस’ असे दुसऱ्याला कधीही म्हणू नये.

एक शेजारीण संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली. नवरा दारू पिऊन मारायचा. मी तिला म्हटले, ‘प्रत्येकाला आपापला क्रूस असतो गं. प्रभूनेही निमूट वाहिला. तूही वाहा.’ तिने पदर सावरला आणि उठून गेली. त्यानंतर ती माझ्याशी या विषयावर बोललीच नाही. वर्षभराने ती मिस्साला आली ती प्लॅस्टरमधला हात गळ्यात बांधून. कम्युनियनच्या रांगेत ती माझ्या पुढेच उभी होती. मला प्रार्थनेचा एक शब्द सुचेना.

आपला क्रूस उचलून माझ्यामागे ये, असे येशूने म्हटले ते स्वतः पुढे चालून. मी मात्र ओट्यावर बसून दुसरीच्या खांद्यावर लाकूड ठेवले होते, आणि तो मार काही देवाने दिलेला नव्हता. त्या रविवारी मी तिच्या घरी गेले, क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून पोलीस चौकीत गेलो. आज ती भावाच्या वाडीत राहते, केळी पिकवते, आपल्या कमाईवर दोन्ही मुलांना शिकवते.

पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन येतो. शेतावरून परतणाऱ्या त्या माणसाला येशूचा क्रूस उचलायला लावतात. हे स्थान पूर्वी मी भरभर वाचून पुढे जायची. आता आमच्या क्रुसाच्या वाटेत तिथे आम्ही थांबतो. क्रूस वाहणाऱ्या मुलाच्या शेजारी दुसरे मूल येऊन उभे राहते, आणि तिथून पुढची नऊ स्थाने तो क्रूस दोघांच्या खांद्यांवर असतो.