पाठ ७ : जुने घर पाडण्याआधी खर्चाचा हिशेब

बनशंकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजमध्ये तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर उभी राहिलेली अनेक घरे आता जुनी झाली आहेत. लाल ऑक्साईडची गुळगुळीत फरशी, सागवानी चौकटी आणि लोखंडी गज या घरांत अजून दिसतात. वडिलांनी बांधलेल्या अशा घराची दुरुस्ती करायची म्हणून खातेदार आमच्याकडे येतात, तेव्हा नव्या टाइल्सचा आणि स्वयंपाकघराचा भाव त्यांना पाठ असतो. तोडफोड आणि राडारोडा उचलणे यांचा आकडा मात्र बहुतेकांच्या कागदावर नसतो. काम नेमके तिथूनच सुरू होते आणि पहिले पैसेही तिथेच जातात.

१. राडारोडा किती निघेल?

हे घरच्या घरी मोजता येते. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाड विटांची भिंत म्हणजे ७५ घनफूट. अशा दोन भिंती पाडल्या तर १५० घनफूट होतात. ४०० चौरस फूट फरशी खालच्या थरासह तीन इंच उकरली तर आणखी १०० घनफूट. एकूण २५० घनफूट.

फोडलेला माल पोकळ होऊन फुगतो. तो साधारण दीडपट धरा, म्हणजे ३७५ घनफूट. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत सुमारे १०० घनफूट माल धरला तर चार खेपा लागतील. या मालाचे वजन बारा-तेरा टन भरते. दोन भिंती आणि थोडी फरशी एवढ्या कामाचा हा पसारा आहे!

२. खर्च कसा मांडावा?

खालचे दर समजण्यापुरते घेतले आहेत. आपल्या गल्लीतले दर तीन ठिकाणी विचारून मगच आकडा भरावा.

मजुरी : ४ मजूर × ५ दिवस × ९०० रु. = १८,००० रु.
वाहतूक : ४ खेपा × ३,००० रु. = १२,००० रु.
गोण्या, सामान झाकणे, शेवटची झाडलोट = ५,००० रु.
एकूण = ३५,००० रु.

आता आडाखा. जुन्या भिंतीचा गिलावा काढला की आत गंजलेला पाइप, वाळवी लागलेली चौकट किंवा जळकी वायर सापडू शकते. म्हणून एकूण अंदाजाच्या १५ टक्के रक्कम बाजूला ठेवावी. आपल्याजवळ ५ लाख रुपये असतील तर ७५,००० रु. राखीव आणि ३५,००० रु. तोडफोडीचे. नव्या कामाला उरतात ३,९०,००० रु. टाइल्स निवडायला जाताना हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

काम दोन वर्षांनी करायचे असेल तर या १,१०,००० रुपयांसाठी दरमहा ४,६०० रुपयांची आवर्ती ठेव आजच सुरू करता येईल.

३. हातोडा पडण्याआधी बँकेत या

ही या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरावर आधीचे कर्ज असेल तर ते घर बँकेकडे तारण आहे. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय त्याचा भाग पाडू नये. नवे कर्ज हवे असेल तरी आधी अर्ज करा. बँकेचा मूल्यांकनकार घर पाहून किंमत ठरवतो, आणि अर्धे पाडलेले घर तारण म्हणून कमी भरते.

खाता अजून वडिलांच्या नावावर असेल, किंवा भावंडांचा हिस्सा असेल, तर कागद सरळ होण्यास वेळ लागतो. स्वयंपाकघर पाडून झाले, कर्ज मंजूर नाही आणि पावसाळा तोंडावर, अशा वेळी माणूस मिळेल त्या व्याजाने पैसे उचलतो.

त्याची किंमत पाहा. समजा, ५ लाख रुपये ५ वर्षांसाठी घेतले. ९ टक्के दराने मासिक हप्ता सुमारे १०,३८० रु. येतो, १४ टक्क्यांनी ११,६३४ रु. पाच वर्षांत फरक ७५,००० रुपयांच्या वर जातो. आपली राखीव रक्कम घाईपायी व्याजात गेली!

थोडीच रक्कम कमी पडत असेल तर मुदत ठेव मोडण्याआधी ठेवीवरील कर्जाचीही चौकशी करा. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जाच्या व्याजावर वर्षाला कमाल ३०,००० रु. वजावट मिळते. त्यासाठी बिले जपून ठेवावीत.

४. ठेकेदाराशी काय लिहून घ्यावे?

• राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार. रस्त्याकडेला किंवा राजकालुव्यात टाकलेल्या ढिगाची जबाबदारी घरमालकावरच येते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीही बांधकामाचा कचरा वेगळा करून नेमलेल्या जागी देण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली होती.
• सागवानी दारे, गज आणि तांब्याची वायर कोणाची. गुजरीवाल्याकडे भाव विचारून ती रक्कम हिशेबात जमा धरा.
• पैसे टप्प्याने. सगळी आगाऊ रक्कम देऊ नका. शेवटचा हप्ता जागा साफ झाल्यावर, शक्यतो खात्यातूनच द्या.
• मजुराला इजा झाल्यास खर्च कोणाचा.

पैसे वाचवण्यासाठी घरच्यांनी गिलावा खरवडला, सामान हलवले, झाडलोट केली तर हरकत नाही. पण जुन्या घरांत भिंतीच छताचा भार पेलतात. अभियंत्याला दाखवल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. त्याची फी हा वायफळ खर्च नव्हे. वीज आणि पाणी आधी बंद करावे. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे फोडू नयेत. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. ते ओले करून अखंड उतरवून घ्यावेत.

स्वाध्याय

१. आपल्या घरातली पाडायची एक भिंत मोजा. लांबी × उंची × जाडी करा आणि आलेला आकडा दीडपट करा. किती ट्रॉल्या लागतील?
२. घराचा खाता कोणाच्या नावावर आहे, ते आज कागद काढून पाहा.
३. एकूण रकमेतून तोडफोड आणि १५ टक्के राखीव वजा करून उरलेला आकडा वहीत लिहा. तो पुरत नसेल तर एक खोली पुढच्या वर्षावर ढकला. उभी असलेली जुनी खोली थांबू शकते. पाडलेली थांबत नाही.