तोंडाला लावायचे ॲसिड : साधे की कोशातले?

“डॉक्टरसाहेब, आता तुम्हीच समजावा हिला. पोरगी रोज रात्री तोंडाला ॲसिड लावतीय!”

दवाखान्यात शिरता शिरता त्या माउलीने असे म्हटल्यावर बाकावर बसलेले चार रुग्ण माना वळवून बघू लागले. ॲसिड म्हटले की आपल्याकडे संडासाची फरशी घासायची बाटली नाही तर ट्रॅक्टरची बॅटरी आठवते. त्यामुळे त्यात तिची काही चूक नव्हती. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला. ऊन आणि धूळ लागू नये म्हणून मुली गाडीवर स्कार्फ बांधतातच, पण ही वर्गात बसतानाही तो सोडत नाही, असे आईने सांगितले. मी तो सोडायला लावला. कपाळावर आणि गालांवर मुरूम होतेच, पण त्याहून डोळ्यांत भरली ती लाल होऊन सोललेली कातडी आणि हनुवटीभोवतीचे काळे डाग.

तिने पर्समधून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्हींवर सॅलिसिलिक ॲसिड २ टक्के असे छापलेले. एक साधी, अर्धी वापरलेली. दुसरी दुपटीहून महाग आणि तिच्यावर ‘एनकॅप्सुलेटेड’ हा शब्द. पहिलीने आग होते म्हणून ही मागवली होती, अजून फोडलेली नव्हती.

“सर, ही लावू का? की हेही पैसे घालवायचेच काम आहे?”

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. दोन्ही बाटल्या बंद, फेसवॉशही बंद, फक्त साधे क्रीम लाव आणि आठ दिवसांनी ये, एवढेच सांगितले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे माझे या बाबतीत झाले आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकऱ्याच्या मुलीला मी मुरमांसाठी ट्रेटिनॉइनचे मलम लिहून दिले होते. कागदावर ‘रात्री लावणे’ एवढेच लिहिले. किती लावायचे, रोज की एक दिवसाआड, उन्हाचे काय, यातले काही सांगितले नाही. तिने लवकर गुण यावा म्हणून सकाळ-संध्याकाळ थापले आणि दिवसभर उन्हात कांदा काढला. तीन आठवड्यांत चेहऱ्याची साल निघाली आणि खाली जे काळे डाग राहिले ते जायला वर्ष लागले. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दोनदा पुढची तारीख द्यावी लागली, असे तिच्या वडिलांनी मला सांगितले. ते रागावले नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले.

म्हणून हा विषय जरा मुळापासून घेतो.

मुरूम म्हणजे त्वचेतल्या केसाच्या मुळाशी असलेल्या नळीचे तोंड बुजणे. वयात येताना तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, नळीच्या आतल्या मृत पेशी त्या तेलात चिकटून बूच बनते, बुचाखाली जंतू वाढतात आणि मग लाली, सूज, पू. मुरमांवरची बहुतेक ॲसिडे हे बूच सैल करण्याचेच काम करतात. सॅलिसिलिक ॲसिडचे नाव आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातकुळीतल्या झाडावरून पडले आहे. ते तेलात मिसळते, म्हणून तेलाने भरलेल्या नळीत शिरू शकते. ॲझेलेइक ॲसिड गव्हात, बार्लीत सापडते. ते जंतूंवर चालते आणि काळे डागही फिके करते. ट्रेटिनॉइन हे व्हिटॅमिन ‘ए’पासून झालेले ॲसिड, तिघांत सर्वांत जोरकस. ते मुळात बूच तयारच होऊ देत नाही. फिलाडेल्फियाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मुरमांवरचा त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. (तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे हा माणूस पुढे बदनामही झाला, पण तो वेगळा विषय.) चौथे ग्लायकॉलिक ॲसिड. ते उसात असते, पण बाटलीत येते ते बहुधा कारखान्यात बनवलेले. उसाच्या रसाने तोंड धुण्याचा प्रयोग कृपया कोणी करू नये.

आता अडचण कुठे येते ते पाहा. सॅलिसिलिक ॲसिड पाण्यात विरघळायला नाखूश असते. एक लिटर साध्या पाण्यात ते जेमतेम २ ग्रॅम विरघळते आणि २ टक्क्यांच्या औषधाला हवे २० ग्रॅम. मग बनवणारा त्यात अल्कोहोल किंवा तसाच दुसरा द्रव घालतो. अल्कोहोलने कातडी कोरडी पडते. दुसरी अडचण सामूची. शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या कागदामुळे सामू हा शब्द ठाऊक आहे. या ॲसिडच्या द्रावणाचा सामू ३ असला तर निम्मे ॲसिड मोकळे राहते, ४ असला तर जेमतेम दहावा हिस्सा आणि ५ झाला तर शंभरातला एखादाच. उरलेल्याचे मीठ बनते आणि ते त्वचेत नीट शिरत नाही. निरोगी त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. म्हणजे औषध सौम्य करावे तर गुण कमी आणि गुण यावा म्हणून आंबट ठेवावे तर आग होते. बाटलीवर नुसते ‘२ टक्के’ लिहिलेले वाचून यातले काहीच कळत नाही.

यावर निघालेला तोडगा म्हणजे कोश. ॲसिडचे कण अतिसूक्ष्म पिशव्यांत किंवा छिद्राछिद्रांच्या गोळ्यांत भरायचे आणि त्या गोळ्या जेलमध्ये मिसळायच्या. त्वचेवर लावल्यावर त्यातून औषध हळूहळू पाझरते. पाटाने सोडलेले पाणी आणि ठिबकचे पाणी यात जो फरक, तोच साध्या आणि कोशातल्या ॲसिडमध्ये. विहिरीतले पाणी तेवढेच असते, फक्त रोपाच्या बुडाशी एकदम लोंढा येत नाही. कोशात औषध जास्त जोरकस होत नाही. दुकानदार तसे सांगत असेल तर त्याला स्वतःलाच ते माहीत नाही.

आपल्यासारख्या सावळ्या लोकांना या ठिबकचे महत्त्व जास्त आहे. गोऱ्या त्वचेवर दाह झाला की लाली येते आणि जाते. आपल्या त्वचेत दाह होऊन गेल्यावर तिथे काळा डाग राहतो आणि मुरूम बरा होऊन महिने लोटले तरी तो हटत नाही. औषधाने झालेला दाहही डागच पाडतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली मुरमांसाठी नव्हे, डागांसाठी येतात. त्यातल्या बऱ्याच जणींचे डाग औषधांच्या अतिरेकाने पडलेले असतात.

ट्रेटिनॉइनच्या बाबतीत कोशाचा उपयोग सर्वांत चांगला तपासला गेला आहे. हे औषध उजेडाने खराब होते आणि कातडी फार सोलते. छिद्रमय गोळ्यांत भरलेल्या ०.१ टक्के ट्रेटिनॉइन जेलला अमेरिकेत १९९७ साली मंजुरी मिळाली. अर्ध्या चेहऱ्याला हे जेल आणि अर्ध्याला तितक्याच जोराचे साधे क्रीम अशी चौदा दिवसांपर्यंत तुलना केली, तेव्हा जेलच्या बाजूला जळजळ कमी दिसली. पण त्या बायका नाजूक त्वचेच्या असल्या तरी त्यांना मुरूम नव्हते. मुरमांच्या रुग्णाला या फरकाचा प्रत्यक्षात किती फायदा होतो हे ठरलेले नाही, असे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच छापले होते. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पुढे २०२१ साली तिकडे ट्रेटिनॉइन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड वेगवेगळ्या वाळूसारख्या सिलिकाच्या कवचात घालून एकाच ट्यूबमध्ये आणले गेले. ही दोन औषधे मोकळी एकत्र केली तर दुसरे पहिल्याला नासवते. तेव्हा तिथे कोश हा नुसता डौल नाही, त्याच्याशिवाय ती ट्यूब बनलीच नसती.

सॅलिसिलिक ॲसिडच्या कोशांबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. प्रत्येक कंपनीचा कोश वेगळा असतो आणि ॲसिड किती वेळात सुटते हे बाटलीवर कोणी छापत नाही. एक मेख मात्र लक्षात ठेवा. ‘५ टक्के एनकॅप्सुलेटेड’ असे लिहिले असेल तर ते पाच टक्के ॲसिडचे की कोशासकट सगळ्या मालाचे? तसे असेल तर आत ॲसिड त्याचा एक हिस्साच असणार. दाणे विकत घ्यायला जावे आणि टरफलासकट शेंगा तोलून मिळाव्यात, तसे होते. आणि फेसवॉशमध्ये कोश कशाला हवा? हळूहळू पाझरणाऱ्या औषधाला वेळ लागतो आणि फेसवॉश आपण अर्ध्या मिनिटात धुऊन टाकतो. तिथे जास्तीचे पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

दुसरे असे की, पाटाचे पाणीही जपून सोडता येते. साधे ॲसिड एक दिवसाआड, नाही तर आठवड्यातून दोन रात्री लावावे. आधी साधे क्रीम लावून दहा मिनिटांनी वर औषध लावावे. ट्रेटिनॉइन किंवा ॲडापॅलिन संपूर्ण चेहऱ्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढेच घ्यावे आणि सुरुवातीला अर्ध्या-एक तासाने धुऊन टाकले तरी चालते. महागड्या कोशातून जे मिळवायचे, त्यातले बरेचसे एवढ्या शिस्तीने स्वस्तात मिळते. ॲडापॅलिन तर मुळातच ट्रेटिनॉइनपेक्षा सौम्य आणि उजेडात टिकणारे आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना मी आधी तेच साधे देतो. साध्याने नियम पाळूनही आग होत असेल, डाग पडायची प्रवृत्ती असेल, तर मात्र कोशातल्याचा खर्च सार्थकी लागतो.

हेही सांगायला हवे की सॅलिसिलिक ॲसिड, मग ते कुठलेही असो, मुरमांवरचे पहिल्या फळीतले औषध नाही. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली दिलेल्या शिफारशींत बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ट्रेटिनॉइनच्या कुळातली औषधे वर आहेत, सॅलिसिलिक आणि ॲझेलेइक ॲसिडांची शिफारस त्याखालोखाल, जरा हात राखून केलेली आहे. बारीक पुटकुळ्या, काळी टोके असतील तर ही ॲसिडे ठीक. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर बाटल्या बदलत बसू नका, त्या गाठी खड्डे ठेवून जातात. सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. दिवस गेलेल्या किंवा मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या स्त्रियांनी ट्रेटिनॉइन, ॲडापॅलिन लावू नये. त्यांच्यासाठी ॲझेलेइक ॲसिड बरे. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी सॅलिसिलिकपासून दूर राहावे. आणि काहीही लावा, गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तीन दिवसांत चेहरा गुळगुळीत करणारे मलम कोणी दिले तर त्यात बहुधा स्टेरॉइड असते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ सालीच केला आहे. तरी ती मिळतात आणि पुढे त्यांनीच मुरूम उठतात, चेहरा लाल होतो, त्वचा पातळ होते.

आठ दिवसांनी मायलेकी परत आल्या. लाली ओसरली होती. खोदून विचारल्यावर खरे कारण निघाले. साधे ॲसिड ती दिवसातून दोनदा लावत होती, फेसवॉशही त्याच ॲसिडचा होता आणि वर रविवारी दाणेदार स्क्रबने घासत होती. एकाच रोपाला तीन पाट! साध्या बाटलीचा यात फारसा दोष नव्हता.

“मग नवीन बाटली फुकट गेली का, सर?”

नाही म्हटले. नुकती भरून आलेली त्वचा, डाग पडायची सवय आणि पैसे तर देऊन झालेले. तिला आधी महिनाभर १० टक्के ॲझेलेइक ॲसिड रात्री लावायला दिले, सकाळी सनस्क्रीन, तोंड धुवायला साधा साबण नसलेला सौम्य क्लिन्झर. महिन्यानंतर ती कोशातली बाटली फोडायची, दर तिसऱ्या रात्री, आणि त्या रात्री ॲझेलेइक लावायचे नाही. राहिलेली साधी बाटली तिच्या धाकट्या भावाला मिळाली. तो कुस्ती खेळतो, पाठभर मुरूम, कातडी जाड आणि तेलकट. त्याला ती एक दिवसाआड पाठीला लावायला सांगितली आणि आखाड्यातून आल्यावर लगेच अंघोळ करायला.

परवा आईचा रक्तदाब तपासायला दोघी आल्या होत्या. तीन महिने होत आले. मुरूम चार-दोन आहेत, हनुवटीचे डाग अजून आहेत पण फिके झाले आहेत. स्कार्फ गळ्यात होता. आईचा रक्तदाब मात्र १५० वर होता, तिची गोळी गेले पंधरा दिवस संपलेली होती आणि लेकीच्या औषधांच्या गडबडीत ती आणायची राहून गेली होती.