फवाऱ्याआधी नजर: भेंडीच्या कीड-रोगांसाठी काय करावे, काय टाळावे

भेंडीचा तोडा एक दिवसाआड चालतो. आज पंप मारला, तर परवा तीच भेंडी बाजारात आणि तेरवा कुणाच्या तरी डब्यात असते. म्हणूनच ‘कीड दिसली की फवारा’ ही सवय या पिकात फार महाग पडते. भेंडी वाचते ती पेरणीआधीच्या तयारीने आणि पानाखाली वेळेवर घातलेल्या नजरेने. औषधाचा नंबर शेवटचा.

काय करावे

१. वाण घेताना आधी हळद्याचे विचारा. पानाच्या शिरा पिवळ्याधमक करणारा हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. परभणी क्रांती, अर्का अनामिका ही वाणे याच रोगाला तोंड देण्यासाठी काढली गेली. पण वाणाची ताकद कायम टिकत नाही. एके काळी देशभर भरवशाची ठरलेली पुसा सावनी आज हळद्याला सहज बळी पडते. म्हणून गेल्या हंगामात आपल्या शिवारात कोणते वाण टिकले, ते पाहूनच बियाणे घ्या.

२. बीजप्रक्रिया करा. पाकिटातले बी रंगीत असेल तर कंपनीने प्रक्रिया केलेली असते. काय लावले आहे ते वाचा. घरचे बी असेल तर आधी कीटकनाशक, ते सुकल्यावर शेवटी ट्रायकोडर्मा, हा क्रम पाळा. रोपमर आणि मर रोगापासून संरक्षण मिळते.

३. कडेने मका किंवा ज्वारी लावा. भेंडीच्या थोडी आधी पेरलेली दाट पट्टी बाहेरून येणाऱ्या पांढऱ्या माशीला अडवते.

४. आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहा. शेतात वेगवेगळ्या ठिकाणी झाडाचे वरचे, मधले आणि खालचे पान तपासा. तिरके चालणारे हिरवट तुडतुडे असतील तर पानाच्या कडा पिवळ्या होऊन वर वळतात, पुढे करपतात. माव्यामुळे पान चिकट होऊन त्यावर काळी बुरशी चढते. कोळी असेल तर पानावर पांढुरके ठिपके आणि बारीक जाळी दिसते.

५. सुकलेला शेंडा दिसताच खुडा. हिरव्यागार झाडाचा एकटा शेंडा मान टाकतो तेव्हा आत शेंडेअळी असते. पुढे तीच अळी कळ्या-फुलांत आणि भेंडीत शिरते. शेंडा पोखरलेल्या भागाच्या खालून कापा, किडक्या भेंड्यांसह खड्ड्यात पुरा.

६. सापळे लावा. पांढरी माशी आणि मावा यांच्यासाठी पिवळे चिकट सापळे, शेंडेअळीसाठी एकरी पाच कामगंध सापळे. ल्यूर (सापळ्यातली गंधगोळी) घेताना ‘इअरियास’ हे शेंडेअळीचे शास्त्रीय नाव पाहा; गुलाबी बोंडअळीचे ल्यूर इथे चालत नाही.

७. सुरुवात निंबोळी अर्काने करा. पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून शंभर लिटर पाणी करा, थोडा साबण मिसळा. रसशोषक किडी कमी असतानाच हा अर्क उपयोगी पडतो.

८. भुरीवर लवकर लक्ष द्या. पानावर पांढरी पूड दिसू लागताच पाण्यात विरघळणारे गंधक फवारा. याच गंधकाने कोळीही आटोक्यात राहतो.

९. मुळे उपटून पाहा. वाढ खुंटलेल्या झाडाच्या मुळांवर गाठी असतील तर त्या सूत्रकृमींच्या आहेत. त्या रानात पुढे झेंडू किंवा ज्वारी-बाजरी घ्या. वांगी, टोमॅटो नको.

१०. तोडा आधी, फवारा नंतर. लेबलवर लिहिलेले थांबायचे दिवस मोजा. तेवढ्यात जून झालेल्या भेंड्या तोडून टाका, विकू नका.

काय टाळावे

१. जुन्या प्लॉटशेजारी नवा प्लॉट. तोडा संपलेली भेंडी लगेच उपटा. ती उभी राहिली की माशी आणि विषाणू दोन्ही नव्या पिकावर येतात. शेंडेअळी कपाशी, अंबाडी आणि रानभेंडीवरही जगते, तेव्हा बांध स्वच्छ ठेवा.

२. ‘बघू, सुधारेल’ म्हणून हळद्याचे झाड राखणे. ते सुधारत नाही. सुरुवातीची चार-दोन झाडे उपटणे सगळ्यांत स्वस्त पडते.

३. सायपरमेथ्रिनसारखी औषधे लागोपाठ मारणे. त्याने ढालकिडे आणि इतर मित्रकीटक मरतात, मग पांढरी माशी आणि कोळी उसळून येतात.

४. कोळ्यावर साधे कीटकनाशक. कोळी आठ पायांचा, कीटक नव्हे. त्याला गंधक किंवा कोळीनाशकच लागते.

५. एका पंपात तीन-चार औषधे. काय लागू पडले ते कळत नाही, पाने मात्र भाजतात.

६. कडक उन्हात गंधक, किंवा निंबोळी तेलासोबत गंधक. दोन्हींनी पाने करपतात.

७. युरियाचा अतिरेक. लुसलुशीत पानांवर मावा-तुडतुडे आधी येतात.

८. कपाशीचे उरलेले औषध भेंडीवर मारणे. लेबलवर भेंडीचे नाव नसेल तर वापरू नका. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे.

९. उघड्या अंगाने फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. मजुराला तुम्ही औषध देता, तर संरक्षणही तुम्हीच द्या.

१०. घरासाठी वेगळी ओळ, बाजारासाठी वेगळी. जी भेंडी स्वतःच्या लेकराच्या ताटात वाढायला हात कचरतो, ती क्रेटमध्ये भरू नये.