तारीख चुकवू नका

आम्ही शाळेत रोज हजेरी घेत असू. न्यायालयातही हजेरी असते. तिथली गैरहजेरी फार महाग पडते.

समजा, दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने कर्ज काढले. सावकार म्हणाला, "गहाणखत आहे, अंगठा करा." कागद निघाला खरेदीखताचा! शेतकऱ्याने फसवणुकीचा दावा लावला. पण कापूस वेचणीची घाई. 'पुढच्या तारखेला जाऊ,' म्हणून तो घरीच राहिला. वकीलही आला नाही. सावकार हजर होता. न्यायाधीशांनी दावा काढून टाकला. त्याच कारणासाठी नवा दावाही लावता येत नाही. बाजू खरी, पण सांगायला कोणी नाही!

प्रतिवादी गैरहजर राहिला, तर एकतर्फी निकाल होऊ शकतो. समन्स नाकारले म्हणून सुटका होत नाही.

तारीख चुकलीच, तर ३० दिवसांत अर्ज करा. आजारपणासारखे सबळ कारण पुराव्यासह द्या. न्यायालयाला पटले, तर दावा पुन्हा चालतो. समोरच्याचा खर्च मात्र भरावा लागू शकतो. स्त्रियांना, आदिवासींना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना १९८७ च्या कायद्याने वकील फुकट मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे विचारा.

मंडळी, आता तुम्हाला वाचता येते. अंगठ्याआधी कागद वाचा. समन्सावरची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.