स्मरणचित्राला गुण कसे देतो?

एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्र असते, म्हणून आठवीच्या कॅडेट्सना मी जबलपूरचा बडा फुहारा विषय दिला. सहलीत सगळे त्या चौकात अर्धा तास उभे होते. चित्र मात्र परतल्यावर वर्गात, फोटो न पाहता.

२० पैकी ८ गुण निरीक्षणाला, ५ मांडणीला, ४ प्रमाणाला, ३ रंगाला; हे आधीच फळ्यावर लिहिले होते. एकाने कागदाच्या मधोमध सुबक कारंजे काढले, पट्टीने रेघा मारल्या, रंग कुठेही बाहेर गेला नाही. त्याला १३. दुसऱ्याचा हात कच्चा. पण कारंज्याभोवती अडकलेल्या रिक्षा, दुकानांवरून लोंबणाऱ्या तारा, पाठमोरी गिऱ्हाइके त्याच्या कागदावर आली; जवळचा माणूस मोठा, लांबचा लहान. त्याला १६.

"स्वच्छ चित्राला गुण कमी कसे?" एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी म्हटले, ते कारंजे कुठल्याही गावचे असू शकते. आपण कुठे उभे होतो, उजव्या हाताला काय होते, हे चित्रावरून कळायला हवे. फील्ड स्केचमध्येही तेच बघतात.

सुबकपणाला माझा विरोध नाही. संविधानाच्या उद्देशिकेचे पान सजवणारे ब्योहार राममनोहर सिन्हा जबलपूरचेच. नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. पण तशी नक्षी हा संकल्पचित्राचा भाग, त्याचे गुण वेगळे.

१३ गुणवाल्याला मी चित्र पुन्हा काढायला सांगितले. या खेपेस त्याने पट्टी दप्तरातच ठेवली.